सिद्धम्माच्या हातावरची शेवई

उदगीरच्या बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर एक खानावळ होती. तिला पाटी नव्हती. दारात शेवयांचा लांब पाट तिरका टेकवलेला दिसला की माणसं ओळखायची. हणमंतराव पहिल्यांदा तिथं जेवले ते निजामाच्या काळात, जनावरांच्या बाजाराला आले होते तेव्हा. आता ते सून सिंधूला लातूरला पोचवायला निघाले होते. लातूर नवा जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्यांचा मुलगा शेषेराव तिथल्या नव्या कचेरीत कारकून लागला होता. बिलोलीहून देगलूर, देगलूरहून उदगीर अशा दोन बसा करून दोघं उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पुढच्या बसला दीड तास होता.

"पोरी, जेवायचं ते हितंच. असली शेवई आपल्याकडं जन्मात मिळायची न्हाई."

"शेवयाच की मामा. आपल्या घरी काय कमी करतेत?"

"तू बघ तर."

सिंधू दारातच थबकली. पाटाच्या वरच्या टोकाला पन्नाशीची गंगम्मा तळव्याखाली पीठ वळत होती. खाली सुटणारा धागा झेलायला तिची सासू सिद्धम्मा बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत पांढरा मोतीबिंदू. दिसत काहीच नव्हतं. पण धागा बोटांवर आला की म्हातारी तो अलगद ओढायची, केसासारखा बारीक करायची आणि काठीवर टाकायची. सिंधू बघत उभी राहिली तेवढ्यात वीस-पंचवीस पदर काठीवर गेले, एक तुटला नाही.

"अव्वा, दिसत न्हाई तर झेलता कसं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"शेवई काय डोळ्यानं झेलायची असती व्हय? तुटायला आली की हलकी लागती, हाताला कळतं," सिद्धम्मा म्हणाली. "माझ्या सुनंला दोन डोळे हाईत. तरी तोडती."

"तुमच्या जिभेच्या धारंनं तुटती, अत्ती," गंगम्मा म्हणाली. तिकडं सासूला अत्ती म्हणतात.

हणमंतराव हसत आत बसले. "दोन ताटं लावा."

गंगम्माचा हात पाटावरच थांबला. ती सासूच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "नीर इल्ल, अत्ती."

हणमंतरावांना बाजारापुरतं कानडी कळायचं. पाणी नाही, एवढं समजलं. बाकीचं त्यांनी गंगम्माकडून काढून घेतलं. टँकर दोन दिवस आला नव्हता. घरात तांब्या-दीड तांब्या पाणी उरलं होतं, ते सिद्धम्माच्या लिंगपूजेचं. हातपाय धुऊन, लिंगाला पाणी घालून पूजा झाल्याशिवाय ती तोंडात काही घेत नसे. या घरात सून म्हणून आली तेव्हापासूनचा नेम. आज सकाळी पूजेला बसता बसता ती थांबली होती. टँकरच्या आधी कुणी वाटसरू आला तर काय करायचं, म्हणून. काल संध्याकाळपासून म्हातारीच्या पोटात काही नव्हतं.

"चल सिंधू," हणमंतराव उठले.

"कुंद्री! बसा म्हणते ना!" सिद्धम्मा कडाडली. "गळ्यातल्या लिंगाला आंघोळ अन् दारातल्याला उपास? दारात आलेलं पण लिंगच हाय, चालतं-फिरतं. गंगू, आधण ठेव."

आधण ठेवलं गेलं. एरवी शेवया गाळून पाणी टाकून देतात. आज गंगम्मानं बेतानंच पाणी घेतलं, सगळं शेवयांतच मुरू दिलं, वर गूळ आणि चमचाभर तूप सोडलं. सिंधूनं घास उचलला तर शेवई ताटातून उठतच राहिली. हात डोक्याएवढा वर गेला तरी टोक सापडेना. तिनं पुष्कळ लग्नांतून शेवया खाल्ल्या होत्या. अशी खाल्ली नव्हती. जिभेवर ठेवली की विरघळायची, आणि घास गिळताना समोर ती उपाशी म्हातारी रिकाम्या हातांनी बसलेली दिसायची.

जेवण झालं. गंगम्मानं दोघांपुढं फुलपात्रात घोट-घोट पाणी ठेवलं. सिंधूनं घरच्या सवयीनं ते बोटांवर ओतलं आणि ताटात हात धुतला.

"अगं बाई!" गंगम्मा म्हणाली.

सिद्धम्मानं मान वळवली. "ताटात हात कुणी धुतला?"

सिंधूनं सासऱ्याकडं पाहिलं. त्यांनी आपलं पाणी ताटात घालून, बोटानं ताट निपटून, ते पिऊन टाकलं होतं. या घरची रीतच तशी होती. अन्नाचा कण मोरीत जायचा नाही. सिंधूचे कान तापले. तिनं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि हात धुतलेलं ते गोडसर पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं.

"पिली का?"

"पिले, अव्वा."

मग तिच्यानं राहवेना. पिशवीत फिरकीचा तांब्या होता, घरच्या आडाच्या पाण्यानं भरलेला. नव्या घराच्या उंबऱ्यावर शिंपडायला सासूबाईंनी दिलेला. मघाशी आधण ठेवताना तो तिला आठवला होता आणि ती गप्प बसली होती. तिनं तो आता काढला.

"अव्वा, हे आमच्या घरचं पाणी हाय. पूजेला चालंल का?"

गंगम्मा खाली बघायला लागली. साठ-पासष्ट वर्षांत सिद्धम्मानं लिंगाला परक्या घरचं पाणी लावलं नव्हतं. म्हातारीचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. सिंधूला वाटलं, आपण फार मोठं धाडस केलं.

"हितं ताट धुऊन पिली," सिद्धम्मा शेवटी म्हणाली, "ती परकी कशी? आण."

तिनं हातपाय धुतले, तोंडावर ओला हात फिरवला. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळव्यावर ठेवलं, विभूती लावली आणि करंगळीएवढी धार सोडली. ओठ हलत होते. मघाशी शेवई झेलणारी तीच बोटं, तितकीच हलकी. सिंधूनं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. कुठल्याही देवळात तिचे हात इतके आपोआप जुळले नव्हते.

पूजा आटोपली. सिद्धम्मानं तांब्या चाचपून झाकण फिरवलं आणि परत केला. निम्मा भरलेला होता.

"उंबऱ्याला एवढं बास व्हतं," ती म्हणाली.

गंगम्मानं पातेल्यात राखलेल्या शेवया तिच्यापुढं ठेवल्या. बाहेर लातूरची बस लागली होती, कंडक्टर ओरडत होता. पण म्हातारीच्या तोंडात घास गेल्याशिवाय सिंधूचा पाय निघेना. सिद्धम्मानं पहिला घास सावकाश गिळला.

"गूळ कमी टाकलीस, गंगू," ती म्हणाली, आणि दुसऱ्या घासाला हात घातला.