गाठ बरोबर होती

तापीकाठी वाढलेल्या माणसाला कोणी तापी शिकवू नये, असं मी उधन्याच्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये येईल-जाईल त्याला ऐकवत असे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या लिंबायतच्या गल्लीत मासे विकायला येणाऱ्या मावशीनं ती फुशारकी ऐकली आणि एका सुट्टीला मला नदीच्या मुखाजवळच्या खाडीवर नेलं. तिचं घर तिथल्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवरांच्या झाडांच्या जिवावर चालायचं. भरतीबरोबर मासे तिवरांच्या मुळांत चरायला शिरत आणि ओहोटीला परतताना तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या, जाळ्यात सापडत.

"जाळं चिखलात निजलेलं राहू दे. पाणी चढून थांबलं की मग दोरी ओढ," असं बजावून दोघं पलीकडे खेकडे धरायला गेली.

खानदेशात आमची तापी एकाच दिशेनं वाहते. पाणी आलं म्हणजे मासे आले! भरती लागताच मी जाळं ताणलं, वर दोन गाठी मारल्या आणि मिशीला पीळ देत बसलो. मासे बाहेरूनच माझं दर्शन घेऊन गेले असावेत. ओहोटीला जाळ्यात निघाली नुसती पानं.

"अरे भाई, पाहुणे जेवायला यायच्या आधीच दार लावलंस!" मावशी कमरेवर हात ठेवून हसली. "ह्याला कोणीतरी त्याच्या तापीत बुडवा रे."

काका हसले नाहीत. ते तिवरांकडे कान लावून उभे होते. ओहोटीला तिथला चिखल एरवी टकटक वाजतो, बिळांतले जीव वर येतात. त्या दिवशी तो गप्प होता. मुळांवर जांभळट रेघ चढली होती. मी हात खिशात घातले. माझ्या नखांत तोच, मिलमधला रंग होता.

खेकड्यांची टोपलीही रिकामीच. मावशी ती उपडी घालून तिच्यावर बसली. "तुझ्यामुळंच," म्हणाली. जाळ्याचा आणि खेकड्यांचा काय संबंध, हे मी विचारलं नाही.

पुढच्या सुट्टीला तिनं मला मुद्दाम पुन्हा नेलं. पाणी थांबेस्तोवर मी जागचा हललो नाही, मगच दोरी ओढली. पाणी उतरू लागलं, तशी मावशीची मस्करी कमी कमी होत गेली. जाळ्यात पानं होती, तीही काळी पडलेली.

"ह्याची गाठ बघा हो," ती नवऱ्याला म्हणाली. "ह्यानं परत काहीतरी घोळ घातलाय."

काकांनी एकेक गाठ चाचपली. स्वतःची चूक निघावी म्हणून जन्मात पहिल्यांदाच मी देवाला हात जोडले.

"बरोबर बांधलंय त्यानं," काका म्हणाले.