तीन आठवड्यांनी विचारा

शेख सर गेल्याचा निरोप कॉलेजच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी वर्गात स्मार्ट बोर्डाशी झटत होतो. पेन उमटत नव्हता, मुलं हसत होती, आणि मला राग आला तो सरांचाच... ही काय जायची वेळ होती?

धाराशिवच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ते बीम-कॉलमची गणितं शिकवायचे. त्यांचा वैताग यायचा, लपवून काय उपयोग. बोर्ड आले तेव्हा मुलांकडून ‘छान समजलं’ असे फॉर्म भरून घ्यायचे आणि वर पाठवायचे, एवढंच काम होतं. सर अडून बसले. “छान वाटलं म्हंजी आलं का? एका तुकडीला मी खडूनं शिकवतो, दुसरीला तुम्ही बोर्डावर. तीन आठवड्यांनी न सांगता दोन्हींना एकच गणित घालू.” गणित आम्ही दोघांनी बसून काढलं. पण बोर्डांसाठी प्राचार्यांच्या मागं लागलो होतो मी. तोंडघशी पडायची भीती वाटली. चाचणीच्या आदल्या दिवशी माझ्या तुकडीला मी तेच गणित सोडवून दाखवलं.

माझी तुकडी पुढं गेली. वाटलं, सर भांडतील, निदान शंका तरी घेतील. कसलं काय. बेंबळीहून एसटीनं येणारा, निवृत्तीला टेकलेला हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी डबा घेऊन माझ्यापुढं बसला. “हरलो बघा. आता मला बी शिकवा ते बोर्ड. पोरांचं नुकसान कशाला?” चाचणीच्या अहवालातही त्यांनी तसंच लिहिलं, खाली दोघांच्या सह्या. मग रोज कॉलेज सुटल्यावर बोर्डावर बीम काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. “तुमच्यावानी न्हाय जमत.” खरं सांगायचं दोनदा ओठांवर आलं... गिळलं. माणसानं इतकं सरळ असू नये, समोरच्याची फार पंचाईत होते.

त्यांच्या चाळिसाव्याला बेंबळीला जाऊन आलो. परवा बोर्डावर त्यांची जुनी फाइल उघडली गेली. वाकडातिकडा बीम, आणि कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात, ‘तीन आठवड्यांनी विचारा.’ हाच भाग मी आताच्या मुलांना महिनाभरापूर्वी बोर्डावर शिकवला होता, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. काही न सांगता त्या चाचणीचंच गणित घातलं. निम्म्याहून जास्त कागद कोरे आले. गठ्ठा घेऊन मी सवयीनं सरांच्या टेबलाशी गेलो. खणात तो अहवाल होता. माझ्या सहीखाली लिहिलं, ‘गणित मी आधीच फोडलं होतं.’ आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिलो, ते वाचतील म्हणून.