दाखव पाठ

"दाखव पाठ."

दिवेलागणीला खुराड्याच्या दारात बसून मावशी प्रत्येक कोंबडीला एवढंच म्हणायच्या. कोंबडी काखेत धरायची, पिसं फुंकरीनं बाजूला करायची, कातडीवरून बोट फिरवायचं आणि मग आत सोडायची. मी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून बघत राहायचे.

आम्ही सोलापूरकडचे. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो, काम सरकेल तसं आमचं बिऱ्हाड सरकतं. विदर्भातल्या बीबी गावाला आलो तेव्हा परक्यांना खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. आधी जात विचारायचे, मग खोली भरलेली असायची. मावशींनी नाही विचारली. त्यांना स्वतःला पुष्कळांनी विचारून झाली होती. "चूल कुठी मांडशीन ते पाह्य," म्हणाल्या आणि माझं शिलाईचं हातमशीन स्वतः उचलून आत ठेवलं. पहिल्याच आठवड्यात मी तापानं पडले. तेव्हा तेलाची वाटी घेऊन आल्या आणि मलाही तेच म्हणाल्या, "दाखव पाठ." आईनंतर माझ्या पाठीला कुणी तेल लावलं असेल तर त्यांनीच.

तुम्ही कोंबडीची पाठ कधी नीट बघितलीय? समोरून सगळ्या धडधाकटच दिसतात. तुरा लाल, डोळा चमकदार. पाठीवर मात्र कोंबडा चढून चढून पिसं झडलेली, नखांनी कातडी सोललेली. त्या लाल जागेवर बाकीच्या कोंबड्याही टोच मारतात. मावशींची पांढरी तर खाटेखालून बाहेर यायलाच धजत नव्हती.

कोंबडा समोरच्या गिरणीवाल्या भाऊंचा. तांबडा, ऐटदार. मावशींच्या अंगणात दिवसभर त्याचंच राज्य. "काऊन बे, पाठ का तुह्या बापाची हाय?" म्हणत मावशी खराटा घेऊन धावायच्या. तो कुंपणावर बसून बांग द्यायचा.

एकदा त्या गिरणीत जाऊन नीट बोलल्या. मी मागे गव्हाचा डबा घेऊन उभी.

"भाऊ, तुमचा कोंबडा आवरा जरा. मह्या कोंबड्यांच्या पाठी सोलल्या त्यानं."

"कोंबडा हाय तो, मावशी. त्याले का शाळेत घालू?"

गिरणीतल्या सगळ्या बाया हसल्या. भाऊंना जोर चढला. "तुमच्या कोंबड्या कोंडा ना."

घरी आल्या आल्या मावशी म्हणाल्या, "कोंबडा पाह्यजेच ना, पिलं का आभायातून पडतीन? मी काय म्हनतो, त्याची नखं घासा, दुपारपर्यंत डालग्याखाली झाकून ठेवा. पर नाही. आंगन महं, कोंबड्या मह्या, अन् कोंडून घ्याचं आमीच!"

"जाऊ द्या की ओ मावशी," मी म्हणाले. मला सगळ्याचीच भीती. भाऊंनी दळण बंद केलं तर? लोकांनी आम्हाला खोली सोडायला लावली तर?

पण पांढरीच्या जखमेला वास यायला लागला तेव्हा मलाच राहवेना. नवऱ्याची जुनी जीन्स कापली. पाठीपुरता तुकडा, दोन्ही बाजूंना पंखांखालून जाणारी इलॅस्टिकची पट्टी. मावशींनी जखमेला हळद-तेल लावलं, ती सुकू दिली आणि मग तो तुकडा पांढरीच्या पाठीवर चढवला. ती आधी उलटी चालली, भिंतीला धडकली, मग दाणे टिपायला लागली. मग मी सगळ्यांनाच तसे तुकडे शिवले.

गल्लीतली पोरं ओरडायची, "कोंबड्या शाळेत चालल्या, दप्तर घेऊन!" मलाही हसू यायचं. माझी शाळा सातवीत सुटली आणि मी दप्तरं शिवली ती कोंबड्यांची.

उपाय लागू पडला. पांढरीच्या पाठीवर टाचणीएवढी नवी पिसं फुटली. भाऊंनी रस्त्यातूनच हाक दिली, "पाह्यलं ना मावशी? मिटला प्रश्न!"

मावशींना राग आला तो तेव्हा. "मिटला? वझं तिनं वाहाचं, अन् हा मोकयाच?"

पुढे ऊन तापलं. एका दुपारी पांढरी रांजणामागे चोच उघडी टाकून धापा टाकत पडली होती. अंगावर ती जाड जीन्स. मावशींनी पट्टी ओढून काढली, तिच्या तोंडात पाणी सोडलं. मग एकेक करत सगळ्यांची दप्तरं काढली, पदरात घेतली आणि तशाच अनवाणी निघाल्या. मी मागे धावले.

गिरणी भरलेली होती. मावशींनी पदर वजनकाट्यावर रिकामा केला.

"घ्या. तुमच्या कोंबड्याचे कपडे. त्याच्यापायी शिवले, त्यालेच घाला."

कुणी हसलं नाही. भाऊ लाल झाले. "मावशी, दळण दुसरीकडं न्या उद्यापासून."

"नेतो. जाड भरडं खाईन. पर मह्या कोंबड्या आता कपडे घालणार नाहीत."

आणि तिथंच दारात बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. भाऊंची बायको. कधी बाहेर येऊन बोलताना मी तिला पाहिलं नव्हतं. एका काखेत तांबडा कोंबडा, दुसऱ्या हातात गिरणीतली कानस.

"घासा, मावशी," ती म्हणाली. "मी धरतो. आमच्याबी कोंबड्यांच्या पाठी उघड्याच हायत."

मावशींनी सगळ्यांसमोर, रक्त न काढता, एकेक नख आणि पायामागचा काटा घासून बोथट केला. त्यानंतर कोंबडा दुपारपर्यंत डालग्याखाली राहायचा. दळणही बंद झालं नाही.

रस्ता पुढे सरकला, आम्हीही. आता आम्ही पार कच्छात आहोत. मावशी गेल्याचं मला फार उशिरा कळलं. मी गिरणीवाल्या वहिनींना फोन लावला. म्हणाल्या, मयतीतही कुणीतरी कोंबड्यांच्या दप्तरांची गोष्ट काढून हसलंच. माझं डोकं भणभणलं. पांढरी रांजणामागे पडली होती तेव्हा आला होता का यातला एक तरी? गिरणीच्या दारात कुणी बसलं होतं?

"आणि कोंबड्या?" मी विचारलं.

"मह्याजवळच हायत ना. थांब वं जराशी."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. खुराड्याची कडी वाजली, पंख फडफडले. मग लांबून वहिनींचा आवाज आला.

"दाखव पाठ."