गॅलरीतली कोंबडी

दर रविवारी दुपारी आमच्या घरातलं गॅलरीचं सरकतं दार बंद होतं. बाहेर स्टुलावर एअर फ्रायर, त्याच्यासमोर खांद्यावर टॉवेल टाकलेला माझा नवरा, आणि आत हॉलमधल्या खुर्चीवर माझी आई. दार ओढून घ्यायचं काम माझ्याकडे. आई कोंबडी खात नाही, तेव्हा तिला वासाचा त्रास नको, असं मी धरून चालले होते.

हे यंत्र आमच्याकडे आलं ते नवऱ्याच्या साखरेपायी. डॉक्टरांनी त्याचा पोळी-भात निम्म्यावर आणला आणि हा माणूस ताटाकडे बघून उसासे टाकायला लागला. अकोल्याच्या माझ्या नणंदेला भावाची दया आली. दिवाळीला ती हे खोकं घेऊनच रिक्षातून उतरली. "वहिनी, यात ना तेल लागत, ना मैदा. नुसती कोंबडी टाका आन बटन फिरवा," असं तिनं सांगितलं आणि चकल्यांचा डबा मात्र माझ्याच हातून रिकामा करवून गेली.

मग नवऱ्यानं मोबाइलवर लो-कार्ब चिकनचे व्हिडिओ बघायचा सपाटा लावला. पाव नको, मैदा नको, कॉर्नफ्लोअर नको. बदामाचं पीठ लावून झालं, पनीर किसून लावून झालं. आतला पंखा सुरू झाला की सगळं पीठ उडून जाळीखाली जमायचं आणि वर उरायची उघडीबोडकी, चामट कोंबडी. तो ती चावत चावत "कुरकुरीत झाली गं" म्हणायचा. मी तोंड फिरवून हसून घ्यायची.

खरं तर अशी बिनपिठाची, कुरकुरीत कोंबडी मी लहानपणापासून खात आले होते. माझे बाबा करायचे ती, अकोटला, मागच्या अंगणात. लो-कार्ब हा शब्द त्यांच्या कानावरूनही गेला नव्हता. आई हट्टी होती, एवढंच त्यामागचं कारण.

बाबा अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होते. त्यांच्या घरी सगळे खाणारे, आईच्या माहेरी कोणीच नाही. लग्न होऊन आल्याबरोबर आईनं सांगून टाकलं, खायचं तर खुशाल खा, पण माझ्या चुलीवर नाही आणि माझ्या भांड्यात नाही. बाबांनी वाद घातला नाही. मागच्या अंगणात तीन विटा मांडून त्यांनी आपली वेगळी चूल केली. एक लोखंडी कढई, एक जर्मनचं पातेलं आणि एक झारा कुंपणाच्या खुंटीला टांगला. ती भांडी मी घरात आलेली कधीच पाहिली नाहीत. जळणाला पऱ्हाटी, कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या काड्या. पऱ्हाटीचा जाळ भडकन वर येतो आणि तसाच बसतो, त्यामुळे चुलीपुढून हलायची सोय नाही. बाबा पाटावर बसायचे, बनियनवर, आणि चेहरा असा गंभीर की वजनकाट्यावरही तो तेवढा गंभीर नसेल.

सुरुवातीला त्यांनी कोंबडीला लावायला बेसन मागितलं होतं म्हणे. आईनं डबा बाहेर द्यायला साफ नकार दिला. बाबांनी पुन्हा मागितलं नाही. जिनिंगवरच्या एकाकडून जवस आणलं, तीळ आणले, सुकं खोबरं आणलं आणि आपला एक डबा बाहेरच ठेवला. लसूण-हळदीच्या पाण्यात कोंबडी अर्धवट शिजवायची, दही चोळायचं, जाडसर कुटलेलं जवस-तीळ दाबून बसवायचं आणि कढईत उलटसुलट करत भाजायचं. वरचं आवरण दाताखाली कुडकुड वाजायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आमच्याकडे घरोघर मटण-कोंबडी होते. करीच्या दिवशी मला सकाळपासून शाळेत लक्ष लागायचं नाही.

आई त्या दिवशी मागच्या दाराच्या आत बसायची. दार अर्धं लोटलेलं. तिला बाहेरचं काही दिसत नसे, पण नाक भलतं तिखट.

"अवो, लसूण जळून राहिला!"

"कुठी जळला? लाल बी नाई झाला अजून."

"मले अठी बसून वास येऊन राहिला, न तुमाले तठी चुलीपुढं येत नाई?"

मग झाऱ्याचा खडखडाट. मग पुन्हा आतून, "आता जाळ कमी करा, जवस कडू होईन." मी दोघांच्या मध्ये. मिठाची वाटी बाहेर नेऊन द्यायची, आणि ती वाटी मग बाहेरचीच व्हायची. जेवताना मी आणि बाबा अंगणात, आणि आई दारातून वरूनच आमच्या ताटात भाकर सोडायची. सगळी गल्ली तिचं बोलणं ऐकायची. बाया हसायच्या. मला तेव्हा लाज वाटे, आणि बाबांची दयाही यायची. इतकी वर्षं करून या माणसाला एकदाही न करपवता का येऊ नये?

बाबा गेले त्याला आता दोन पोळे झाले. आई अकोटच्या घरात एकटी राहायला लागली. मोतीबिंदूच्या निमित्तानं मी तिला अमरावतीला आणली आणि ऑपरेशन झाल्यावर सोडलीच नाही. औषधाचे थेंब, मग दुसरा डोळा, मग उन्हाळा, मग पाऊस, अशी एकेक सबब काढत राहिले. राजापेठेत नवऱ्याचे शिकवणी वर्ग, माझी शाळा, दिवसभर घर रिकामं. आई त्या घरात पाहुण्यासारखी वागायची. माझी भाजी खारट झाली तरी "चांगली झाली" म्हणायची. माझ्या पोळ्या जगात कोणी चांगल्या म्हटल्या नाहीत, त्यांनाही ती चांगल्या म्हणाली. ज्या बाईनं मला वरण फोडणीला टाकतानासुद्धा कधी सुखानं टाकू दिलं नाही, ती आता माझ्या स्वयंपाकघरात बोटही दाखवत नव्हती. मला त्याची भीती वाटायला लागली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

पोळ्याच्या आठवड्यात तिनं सांगून टाकलं, मी अकोटला जाते. मामाला फोनही करून झाला होता. सोमवारी सकाळच्या एसटीनं तो येणार आणि तिला घेऊन जाणार. मी रडले, चिडले, "तिथं रात्री काही झालं तर कोण आहे" म्हणून धाक दाखवला. तिचं एकच, "किती दिवस लेकीच्या घरी रायनं?" कपड्यांची पिशवी भरून तिनं पलंगाखाली सरकवली. तिनं जाऊ नये, एवढंच मला हवं होतं, आणि कोणत्या शब्दानं ती थांबेल ते मला सापडत नव्हतं.

रविवार आला तो नेमका करीचा. माझा जीव कशात नव्हता, पण नवऱ्यानं कोंबडी आणून ठेवली होती. मी त्याला म्हटलं, आज बदाम-बिदाम राहू दे, मी बाबांसारखी करते. जवस, तीळ आणि खोबरं मिक्सरमधून जाडसर काढलं, दही चोळलेल्या तुकड्यांवर दाबून बसवलं. त्यात गॅलरीतला प्लग उडाला. हॉलमधल्या बोर्डावरून वायर ओढून बाहेर घ्यावी लागली आणि दार काही पूर्ण लागेना. चार बोटं फट राहिली. मी आईकडे बघून "थोडा वास येईल हं" म्हणाले.

पहिला घाणा लावला. यंत्र घुमायला लागलं. नवरा बाजूला उभा राहून काचेतून आत बघत होता, आणि मी उद्याच्या बसचा विचार करत होते.

"करपून राहिलं वं!"

मी दचकले. आवाज आतून आला होता. तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

"आई, अजून टायमर बाकी आहे," नवरा म्हणाला. "मशीन सांगते ना."

"मशीनले नाक हाय का?"

मी टोपली ओढली. जवस अजून कच्चंच होतं आणि खोबऱ्याचे कण काळे पडायला लागले होते.

"खोबरं आधी टाकलं ना तू?" आतून विचारणा झाली. "खोबऱ्याचा वास जवसाच्या आधी आला. जवस झाल्यावर खोबरं भुरभुरत असतं, शेवटी. तुह्ये बाबा तसंच करत."

आयुष्यात कोंबडीचा तुकडा जिभेवर न ठेवलेली ही बाई मला बाबांची कोंबडी शिकवत होती. तिनं ती नाकानं पाठ केली होती. मी तिथंच गॅलरीच्या उंबऱ्यावर बसले, दाराच्या या बाजूला, आणि ती खुर्ची ओढून त्या बाजूला आली. "दही घट्ट पायजे. लावल्यावर जरा पडू दे, मंग नाई उडत," असं ती सांगत गेली आणि मी मान हलवत गेले. सगळं आवरण खरवडून काढलं, तुकड्यांना नुसतं जवस-तीळ पुन्हा लावलं. आता आधी लसूण दरवळला, मग जवस, मग वरून टाकलेलं खोबरं. तो वास हॉलभर झाला. आई डोळे मिटून बसली होती. तिला वासाचा त्रास होतो असं समजून मी इतके महिने दार लावत आले होते, आणि तो वास एवढाच त्या कोंबडीतला तिचा वाटा होता.

"बाबांना किती बोलायचीस गं तू," मी म्हटलं. "पण त्यांना शेवटपर्यंत जमलंच नाही. काही ना काही करपायचंच."

आई हसली. "त्याईले येत नव्हतं थोडंच? एका करीले मी तापानं पडली होती. गळ्यातून आवाजच निंगत नव्हता. त्या दिवशी कढई उतरवली तं एक तुकडा करपेल नव्हता. तवा समजलं मले. मी बोलावं म्हून करपू देत ते."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय मनू? बरी झाल्यावर बोलत होती तशीच बोलत रायली."

नवरा एकाएकी रस्त्यावरची वाहनं बघायला लागला. मला रडू आवरेना. दाराच्या फटीतून हात घालून मी तिचा गुडघा धरला.

"मग नको ना जाऊ," मी म्हटलं.

तिनं माझा हात थोपटला. "तुह्यं घर चांगलंच हाय, बाई. कुकर शिट्टी देते, मशीन घंटी देते, जवाई समजदार. सारं आपोआप होते. मी अठी कोणाले काय सांगू? दिवसभर तोंड मिटून बसनं होत नाई माह्याच्यानं."

दुसरा घाणा बाकी होता. तुकडे लावून टोपली आत सारली, आणि टायमरचं बटन फिरवताना माझा हात नेहमीच्या जागी थांबला नाही. मी ते पार शेवटपर्यंत फिरवलं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि दाराकडे पाठ करून कठड्याला टेकून उभी राहिले.

लसूण आला. जवस आलं. आतून आवाज नाही. जवस कडवट व्हायला लागलं, ते मलाही कळत होतं. तिला झोप लागली असेल का? की तिनं जायचं ठरवलंय म्हणून आता काही बोलायचंच नाही?

"अवं पोट्टे!" आतून एकदम कडाडलं. "झोपली का काय तठी? धूर निंगेल आता! बंद कर ते!"

मी हललेच नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, बोर्डावरचं बटन खाटकन पडलं आणि यंत्र बंद झालं. मी वळले तर आई फटीतून डोकं काढून माझ्याकडे बघत होती. आधी माझ्याकडे, मग टायमरच्या बटनाकडे. नव्या डोळ्यांना तिच्या लांबूनही सगळं दिसायला लागलं होतं. मग तिनं पदरानं नाक पुसलं.

"बापावर गेली पुरी," ती म्हणाली.

करपलेला घाणा नवऱ्यानं निमूटपणे खाल्ला, आणि "कुरकुरीत झाली" म्हणाला नाही, एवढी त्याला अक्कल होती. आम्ही जेवत होतो तेवढ्यात आईचा फोन वाजला. मामा होता, सकाळची कोणती बस धरू ते विचारत होता. आई फोनवर नेहमी ओरडूनच बोलते, अकोटला थेट ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

"येऊ नको रे भाऊ," ती म्हणाली. "अठी पोरीले कोंबडी बी धड भाजता येत नाई."