डोक्यावरची रेघ

अक्षरांना डोक्यावर रेघ हवीच, असं कुणी शहाणपणानं सांगितलं की आजही माझं डोकं फिरतं. त्या एका रेघेपायी मी एका माणसाला नको नको ते बोलले आहे.

भिंगारला आमच्या शेजारी एक तमिळ बाई राहायची. नवरा लष्करात होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. सासरी परत जायचं नाही, पुढच्या खोलीत खाणावळ काढायची, इडली-सांबार खायला कॅम्पातले तिच्या मुलखातले जवान येतील, असं तिनं ठरवलं होतं. मी मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून बोर्डाचं काम माझ्याकडे आलं. तिची अट एकच. बोर्डावर नवऱ्याचं नाव हवं, आणि ते त्याच्याच हातचं दिसायला हवं.

पलटणीत तो इंग्रजीत सही करायला शिकला होता, पण हात जन्माचा तमिळ. तिनं मला त्याचं एक पत्र दाखवलं. खालच्या सहीत अक्षरं इंग्रजी होती, वळणं मात्र तमिळ. प्रत्येक अक्षर खाली उतरून आत वळलेलं, शेपूट गोल फिरवून पुढच्याला टेकलेलं. इंग्रजी न येणारा तमिळ माणूसही थबकून म्हणेल, हा आपल्यातला. ते मला बोर्डाएवढं मोठं करायचं होतं.

सही नुसती मोठी केली की जिलबी दिसायची. मग मी तमिळ अक्षरं शिकायला बसले. ताटात तांदळाचं पीठ पसरून ती बोटानं अक्षर काढायची, मी तिच्यामागून गिरवायचे. त्यांचं एक अक्षर थेट इंग्रजी एलसारखं, पण त्याचा उच्चार ट. त्यामुळे ह्याच्या जागी ते बसवून भागत नव्हतं. सांगाडा इंग्रजीच ठेवायचा आणि वळण तेवढं तमिळ घ्यायचं. शाळा सुटली की रोज हेच. घरातले म्हणायचे, हिला दुसरा उद्योग नाही. महिन्यानं एका कागदावर तिनं पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं आणि ती रडायला लागली. "उनका हाथ," एवढंच म्हणाली.

तो कागद मी माळीवाड्यातल्या पेंटरला दिला आणि परीक्षेच्या कामासाठी आठवडाभर पारनेरला गेले.

परत आले तर बोर्ड लागलेला. नावावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड लाल रेघ, आणि सगळी अक्षरं तिला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकवलेली. गल्ली खूश होती. "आता कसं आपलं वाटतंय!" म्हणे. आपलं कशाला वाटायला हवं होतं तुम्हाला? ती दारात उभी होती. मला म्हणाली, "ये उनका नहीं, टीचर. ये तुम लोगों का."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच पेंटरकडे गेले. रेघ कुणाला विचारून मारली म्हटल्यावर तो ब्रश पुसत म्हणाला, "रेघ नसली का अक्षरं बोडकी दिसत्यात, बाई."

बोडकी! गेलेल्या माणसाच्या नावाला, त्याच्या बायकोच्या दारावर! वडिलांच्या वयाच्या त्या माणसाला मी अरेतुरे केलं. त्याची अक्कल काढली, कसब काढलं, भर रस्त्यात. लोक जमले. तो आत गेला आणि माझा कागद घेऊन आला.

"तुमीच वढली हाय की."

नावाच्या वर पेन्सिलीची रेघ होती. सरळ, दाबून काढलेली, माझ्या हातची. शाळेत मीच शिकवायचे, आधी रेघ, मग तिच्याखाली अक्षर. महिनाभर त्या ताटात एकदाही रेघ नव्हती, आणि शेवटच्या कागदावर माझ्या हातानं आधी तीच ओढली होती. खोडायचं मला सुचलंही नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ते असं. तरी मी त्याची माफी मागितली नाही. कागद हिसकावून निघून आले, ह्याची आजही लाज वाटते आणि रागही येतो.

तिला मात्र सगळं सांगितलं. म्हटलं, रेघ माझी होती, बोर्ड पुन्हा करून देते. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रहने दो."

तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. खाणावळ त्याच बोर्डाखाली सुरू झाली. पहिल्याच दिवशी तिच्याकडचे तीन जवान रस्त्यावरून आपसात तमिळ बोलत आले. दारापाशी थांबून त्यांनी वर बोर्डावरच्या रेघेकडे पाहिलं, आणि आत येऊन तिला हिंदीत विचारलं, "खाने में क्या है?"

तिनं हिंदीतच सांगितलं.