टेकडीच्या वाटेवरची अक्का

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात निर्बंध थोडे सैल झाले, तेव्हा मी मळमड्डीहून सायकल काढून रायापूरमागच्या माळावर गेलो. आम्हा सायकलवाल्यांची नेहमीची पायवाट तिथल्या एका वस्तीला खेटून टेकडीवर चढते. त्या सकाळी वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या आणि शेजारी एक प्रौढ बाई काठी घेऊन बसली होती. मला पाहताच ती उठली, पदर नाकावर ओढून मागे सरली.

"ब्याडा, अण्णा, नका जाऊ. वाट बंद केलीय आम्ही."

"अक्का, वस्तीत थांबणार नाही मी. तापबीप काही नाही मला. सरळ वर जाईन."

ती रागावली नाही. वाऱ्याने सरकलेली फांदी काठीने नीट लावत म्हणाली, "तुम्हाला ताप आहे असं कुठं म्हणते मी? माझा लेक हुबळीहून ह्याच वाटेनं घरी आला, तेव्हा त्यालाही नव्हता. आठ दिवसांत त्याचे अप्पा गेले."

"लेक बरा आहे?" मी विचारलं.

"आहे. बोलत नाही कुणाशी. ह्या फांद्या त्यानंच तोडून आणल्या."

मी सायकल वळवली. तिच्यावर बसवेना, म्हणून हातात धरून डांबरी रस्त्यापर्यंत चालत आलो.