काचेसारखा बर्फ

"तड्!" साचा कोमट पाण्यात बुडवला की बर्फाची लादी अशी सुटायची. अंबडच्या बर्फाच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात ऐकलेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आम्ही जुने बर्फवाले चहाला भेटलो, की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचं तोंड उघडलेलं असतं!

*

आमच्या बोअरचं पाणी मचूळ, पण बर्फ गोड! पाणी साच्यात कडेकडेनं गोठतं आणि खार मधल्या पाण्यात ढकलतं. ते मधलं पाणी मी नळीनं ओढून काढायचो. एकदा नव्या मॅनेजरसाहेबांनी ते चाखलं आणि ओरडले, "यात मीठ कुणी टाकलं?"

कॉम्प्रेसरवरचा गणपत म्हणाला, "टाकत नाही साहेब, काढतोय!"

*

गणपतचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. त्याची शोभा घोटीची. कारखान्यामागच्या खोलीत त्याच बोअरचं पाणी. सकाळी चढवलेली तूरडाळ दुपारी ताटात टणटण वाजायची.

शोभा म्हणाली, "आमच्याकडं डाळ नुसती दरडावली तरी शिजती. दिवाळीपर्यंत पाणी बदललं नाय, तर मी चालले माहेरी!"

गणपतनं हे आम्हाला हसत सांगितलं. पण डबा त्यानं उघडलाच नाही.

*

मी म्हटलं, "बर्फ ने घरी. वितळव, आणि त्यात शिजवा डाळ."

पठ्ठ्यानं लादीच्या पोटातला पांढराशुभ्र तुकडा नेला! उरलासुरला खार नेमका तिथंच अडकलेला. डाळ होती तशीच.

"अरे बाबा, दुधासारखा नको, काचेसारखा घे. पलीकडचं बोट दिसलं पाहिजे!"

*

मग काचेसारखा नेला, पण भुशात गुंडाळून. बर्फ वितळला, भुसा वर तरंगला.

शोभा म्हणाली, "डाळ शिजवू का लाकूड?"

पुढचा तुकडा मी स्वतः धुऊन, डब्यात घालून दिला. दुसऱ्या दिवशी गणपतनं वरणभाताचा पहिला घास मला भरवला. मऊ लोणी! पण शोभानं तोवर माहेरी निरोप धाडला होता.

*

दिवाळीच्या तोंडावर तिचे वडील न्यायला आले. दारात तिची भरलेली पिशवी. म्हाताऱ्यानं प्यायला घोटीहून स्वतःचं पाणी आणलेलं, कॅन भरून! मी आणि गणपत भिंतीला टेकून उभे.

शोभानं माठातलं वितळल्या बर्फाचं पाणी तांब्यात भरलं. वडिलांना म्हणाली, "दादा, आधी हे प्या. मग काय ते बोला."

त्यांनी घोट घेतला. तांब्या रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला.

दुसरा तांब्या संपवून ते उठले. पिशवी पायानं घरात सरकवली. कॅनमधलं घोटीचं पाणी अंगणात ओतलं, माठातून कॅन गच्च भरून घेतला आणि स्टँडकडं चालू लागले.